डावीकडचं ओझं

मागच्या पावसाळ्यात मी दोन महिने बेंचवर होतो. आयटीत नसणाऱ्यांसाठी सांगतो, बेंचवर असणं म्हणजे पगार चालू, काम शून्य, आणि रोज सकाळी उठल्यावर पोटात गोळा. जुना प्रोजेक्ट संपला होता, नवा मिळत नव्हता. दिवसभर लॅपटॉप उघडा ठेवायचा, कुणी मेसेज केला तर लगेच उत्तर द्यायचं, आणि बाकी वेळ खिडकीतून पाऊस बघायचा. अशातच एका रात्री मी मंगळ डाउनलोड केला.

खरंच केला. दोन जीबीची फाइल आहे, कुणालाही फुकट मिळते. ‘मार्स ग्लोबल सर्व्हेयर’ नावाचं यान १९९९ ते २००१ या काळात मंगळाभोवती फिरत खाली लेझरचे झोत मारत होतं. झोत जमिनीवर आपटून परत यायला किती वेळ लागला, त्यावरून तिथली उंची काढायची. अशी साठ कोटींहून जास्त मोजमापं झाली. त्यातून तयार झालेला नकाशा म्हणजे ४६,०८० बाय २३,०४० आकड्यांचा एक अजस्र तक्ता. विषुववृत्तावर त्यातला एक चौकोन साधारण ४६३ मीटरचा. त्यात फोटो नाही, रंग नाही, फक्त उंची. शून्याच्या वर किती आणि खाली किती. मंगळावर समुद्र नाही, त्यामुळे हे शून्यसुद्धा माणसांनी बसून ठरवलेलं.

आकड्यांना रंग द्यायला पायथनच्या दहा ओळी पुरल्या. खोल भागाला निळा, मग हिरवा, पिवळा, लाल, आणि सगळ्यात उंच भागाला पांढरा. असे नकाशे तुम्ही पाहिले असतील. रंग भरताना मला १९६५ सालची एक गोष्ट आठवत होती. ‘मरिनर ४’ने मंगळाचा जवळून काढलेला पहिला फोटो आकड्यांच्या रूपात पृथ्वीवर येत होता, सेकंदाला जेमतेम आठ बिट. एका फोटोला आठ तास. कॉम्प्युटर चित्र तयार करीपर्यंत कॅलिफोर्नियातल्या इंजिनिअरांना धीर धरवेना. त्यांनी आकडे छापलेल्या कागदाच्या पट्ट्या भिंतीवर एकाशेजारी एक लावल्या, रंगीत खडू आणले आणि लहान मुलांच्या चित्रकलेच्या वहीसारखे आकड्यांप्रमाणे रंग भरले. मंगळाचं पहिलं जवळचं चित्र हातानं रंगवलेलं आहे.

माझ्या स्क्रीनवर रात्री दीडच्या सुमारास अख्खा ग्रह उमटला. आधी नजरेत भरतं ते हे, की मंगळाचे दोन अर्धे एकमेकांसारखे नाहीत. उत्तरेचा भाग सखल आणि गुळगुळीत, दक्षिणेचा उंच आणि विवरांनी भरलेला. दोघांच्या उंचीत सरासरी पाचेक किलोमीटरचा फरक. असं का, यावर अजून एकमत नाही. सुरुवातीच्या काळात उत्तरेला एखादं प्रचंड धूड आदळलं असावं असं काही जण म्हणतात, तर काही जण आतल्या उष्णतेच्या प्रवाहांकडे बोट दाखवतात. उजवीकडे खाली हेलास नावाचा निळा खड्डा आहे, सुमारे २,३०० किलोमीटर रुंद. हा मात्र आदळण्यातूनच झालेला. आणि डावीकडे, विषुववृत्तावर, लाल-पांढरा फुगवटा. त्याच्या पूर्व कडेपासून निघालेला एक लांबलचक ओरखडा. कुणीतरी खिळ्यानं पत्र्यावर ओढावा तसा.

त्या फुगवट्याचं नाव थार्सिस. ओरखड्याचं नाव व्हॅलेस मरिनेरिस.

मी आधी डोंगराकडे गेलो. सगळेच जातात. थार्सिसच्या वायव्य कडेला ऑलिंपस मॉन्स आहे, सूर्यमालेतला सर्वांत मोठा ज्वालामुखी. उंची जवळपास २२ किलोमीटर, म्हणजे एव्हरेस्टच्या अडीचपट. पायाची रुंदी सुमारे ६०० किलोमीटर. आमच्या मेहकरवरून जाणारा समृद्धी महामार्ग मुंबईपासून नागपूरपर्यंत ७०१ किलोमीटरचा आहे. म्हणजे जवळजवळ तेवढ्या लांबीत एकच डोंगर. मी तेवढा तुकडा कापला, थ्रीडीत उभा केला आणि हिरमुसलो. डोंगर कुठाय? दीड हजार पिक्सेल रुंद चित्रात तो जेमतेम पंचावन्न पिक्सेल उंच होता. तव्यावर पसरलेल्या जाडसर आंबोळीसारखा.

मला वाटलं कोड चुकला. तासभर शोधल्यावर कळलं, कोड बरोबर होता. आपण बघतो त्या चित्रांमध्ये बहुतेक वेळा उंची पाच-दहा पटींनी ताणलेली असते. तशी सेटिंगच असते. खऱ्या ऑलिंपसचा उतार सरासरी पाच अंशांचा. कडेला काही ठिकाणी आठ किलोमीटरपर्यंतचे कडे आहेत, पण एकदा वर गेलात की चढण असल्याचं फारसं जाणवणारही नाही. त्यात मंगळ लहान, पृथ्वीच्या निम्म्या व्यासाचा, त्यामुळे क्षितिज जवळ. उभ्या माणसाला साडेतीन किलोमीटरच्या आतच जमीन संपलेली दिसते. ऑलिंपसच्या अंगावर उभ्या असलेल्या माणसाला ऑलिंपस दिसणारच नाही. दिसेल फक्त थोडी कललेली जमीन, सगळीकडे सारखी.

तो इतका मोठा का झाला, याचं उत्तर मात्र सोपं आहे. मंगळ हलला नाही. पृथ्वीचं कवच तुकड्यातुकड्यांचं आहे आणि हे भूपट्ट सरकत राहतात. खालून लाव्हा वर ढकलणारी गरम जागा बऱ्यापैकी तिथंच राहते, वरची जमीन पुढं निघून जाते. आपलं दख्खनचं पठार ज्या उष्णतेनं ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्यात बुडवलं, ती आता मादागास्करच्या पूर्वेला रियुनियन बेटाखाली आहे असं मानतात. तिथला ज्वालामुखी अजून पेटतो. आपण उत्तरेला निघून आलो आणि आपला लाव्हा थंड झाला. मंगळावर असे सरकणारे भूपट्ट नाहीत. लाव्हा आला तो त्याच जागी येत राहिला, थरावर थर, शेकडो कोटी वर्षं. गुरुत्वाकर्षणही आपल्या ३८ टक्केच, त्यामुळे एवढा ढीग उभा राहू शकला.

आता उरला ओरखडा. व्हॅलेस मरिनेरिस सुमारे ४,००० किलोमीटर लांब आहे. काश्मीर ते कन्याकुमारी भारताची लांबी ३,२१४ किलोमीटर, हे आपण शाळेत पाठ केलेलं असतं; ही दरी त्याहून लांब. काही ठिकाणी सात किलोमीटर खोल, काही ठिकाणी दोनशे किलोमीटर रुंद. अमेरिकेतली ग्रँड कॅन्यन हिच्या एखाद्या फाट्यात हरवून जाईल. माझ्या नकाशात तिचा तळ निळा आला होता आणि मी मनात म्हटलं, केवढी नदी असेल!

मग वाटलं, ताईला विचारावं.

इथं थोडं थांबायला हवं, कारण मी ताईला काही विचारावं असं आमचं नातं राहिलेलं नव्हतं. राखीला फोन, वाढदिवसाला मेसेज, भाचीच्या फोटोला बदाम. पण आमच्या घरात दगडांचं शिकलेली ती एकटीच. माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, बीएस्सी जिऑलॉजी. मी दहावीत असताना तिनं मला लोणारला नेलं होतं. आमच्या गावापासून लोणार तासाभरावर, त्याआधी मी तिथं शाळेच्या सहलीतून गेलो होतो आणि मला फक्त माकडं आठवत होती. ताईनं मला काठावर उभं केलं आणि म्हणाली, “हा खड्डा बेसाल्टमध्ये आहे. मंगळावरचे खड्डेपण बेसाल्टमध्ये आहेत. म्हणून मंगळाचा अभ्यास करणारे लोक आपल्या लोणारला येतात.” मला तेव्हा ‘आपल्या’ या शब्दाचंच जास्त कौतुक वाटलं. पुढच्या वर्षी २४ सप्टेंबरला, मंगळयान मंगळाच्या कक्षेत गेलं त्या सकाळी, आम्ही दोघं टीव्हीसमोर बसलो होतो. ती कॉलेजची बस चुकवून, मी बारावीचा क्लास बुडवून.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी नकाशा व्हॉट्सॲपवर पाठवला आणि फोन केला. म्हटलं, “ताई, ही दरी नदीनं कापली ना?”

ती थोडा वेळ गप्प. मागं कुकरची शिट्टी झाली. मग म्हणाली, “दरी पाहू नको. डावीकडे काय बसलंय ते पाह.”

पुढची वीस मिनिटं तिनं मला शिकवलं. भाजी चिरता चिरता, मध्येच भाचीला दटावत. ते असं.

आपण पृथ्वीवरची माणसं, दरी दिसली की नदी शोधतो. आपल्याकडे ते बरेचदा बरोबरही असतं. पण ही दरी मुळात पाण्यानं कापलेली नाही, ती जमीन ताणली जाऊन फाटलेली आहे. खचदरी. पश्चिमेला थार्सिसमध्ये लाव्हा वर येत राहिला, काही बाहेर पसरला, काही कवचाच्या आतच थिजला. सुमारे पाच हजार किलोमीटर पसरलेला हा फुगवटा. त्याचं वजन त्या छोट्या ग्रहाच्या कवचाला पेलेना. कवच वाकलं, आजूबाजूला ताण पडला आणि जिथं ताण सोसला नाही तिथं लांब, समांतर भेगा गेल्या. दोन भेगांमधला भाग खाली खचला. मग कडे ढासळले. तिथल्या दरडी पडल्या त्यादेखील मंगळाच्या मापाच्या, दरीच्या तळावर दहा-दहा किलोमीटर पसरत गेलेल्या. दर दरडीबरोबर दरी रुंद होत गेली.

“आणि पाणी?” मी विचारलं.

“पाणी आलं ना. पण नंतर.” दरीत पाण्याशी संबंध आलेले क्षार सापडलेत, आणि तिच्या पूर्वेच्या टोकाकडून प्रचंड पूर उत्तरेच्या सखल भागात गेल्याच्या खुणा आहेत. पाण्यानं आधीच फाटलेल्या जागेचा रस्ता केला.

फोन ठेवल्यावर मी वाचत बसलो. १९७१च्या नोव्हेंबरात ‘मरिनर ९’ मंगळावर पोचलं, दुसऱ्या ग्रहाभोवती फिरायला लागलेलं पहिलंच यान. पण तेव्हा अख्खा मंगळ धुळीच्या वादळानं झाकलेला होता. काही दिसेना. फक्त चार काळे डाग धुळीच्या वर डोकावत होते. काही आठवड्यांनी धूळ बसली तेव्हा कळलं की ते डाग म्हणजे ज्वालामुखींचे माथे आहेत, ऑलिंपस आणि थार्सिसचे तिघे. आणि त्यानंतरच त्यांच्या पूर्वेची दरी नीट दिसली. तिला नाव मिळालं ते या मरिनरवरूनच. आधीची तीन यानं जवळून जाऊन आली होती. त्यांच्या वाट्याला मुख्यतः विवरांचा भाग आला आणि मंगळ म्हणजे चंद्रासारखाच एक मेलेला गोळा असं लोकांना वाटलं होतं.

थार्सिसच्या वजनानं फक्त एक दरी झाली असंही नाही. २००१ साली आलेल्या एका शोधनिबंधात म्हटलंय की या ओझ्यानं सगळा ग्रह वाकला, फुगवट्याभोवती खोलगट कडं तयार झालं, ग्रहाच्या विरुद्ध बाजूला उंचवटा आला, आणि मंगळावरचे जुने ओढे कुठल्या दिशेनं वाहणार तेही या उतारांनी ठरवलं. २०१६च्या दुसऱ्या निबंधाला हा क्रम मान्य नाही. त्यांच्या मते थार्सिस नंतर मोठं झालं आणि त्याच्या वजनानं मंगळाचं बाहेरचं कवच वीस-पंचवीस अंशांनी फिरलं. आधी काय आणि नंतर काय यावर वाद आहे. ओझ्यावर नाही.

आधी काय आणि नंतर काय. हे शब्द मला दोन दिवस सोडेनात.

आमच्या कामात सर्व्हर पडला की नंतर एक अहवाल लिहावा लागतो, नेमकं मूळ कुठं होतं याचा. मी असे बरेच लिहिलेत. नवा मुलगा असला की तो लॉगमधली शेवटची ओळ उचलतो आणि लिहितो, यामुळे पडला. मी त्याला सांगतो, मागं जा. शेवटची ओळ म्हणजे कुठं फाटलं ते. ताण कधीपासून होता ते बघ.

आमच्या घरात सांगितली जाणारी गोष्ट अशी आहे: ताईनं २०१८ साली जातीबाहेर, घरी न सांगता, कोर्टात लग्न केलं. बाबा तिच्याशी बोलायचे बंद झाले. त्यानंतर ती घरी आलेली नाही. सगळे नातेवाईक हीच गोष्ट सांगतात, मीही मित्रांना हीच सांगत आलो. दरी दिसते, नदी सापडते, विषय संपतो.

मागं गेलं तर २०१५चा जून लागतो. ताईचं बीएस्सी संपलं होतं आणि पुण्यात एमएस्सीच्या यादीत तिचं नाव लागलं होतं. त्याच महिन्यात माझी बारावी झाली होती. मार्क बेताचे होते, त्यामुळे सरकारी कॉलेज मिळण्यासारखं नव्हतं. एका खासगी कॉलेजात इंजिनिअरिंगची जागा मिळत होती. बाबांनी पाच एकरांतली दोन विकली. ताईची फी माझ्या फीच्या जवळपासही नव्हती, पण पुण्यात राहणं, जेवणं, शिवाय दोन मुलं एकदम बाहेर. कुणी भांडलं नाही. आई चुलीपाशी बसून एवढंच म्हणाली, “यंदा याचं होऊ दे. तुझं पुढच्या साली पाहू.” ताईनं मान हलवली. मी तिथंच होतो. मला सुटल्यासारखं वाटलं, हे आज लिहायला हवं.

त्या जुलैत मंगळयानानं व्हॅलेस मरिनेरिसच्या ओफिर नावाच्या भागाचे फोटो काढले. इस्रोनं ते प्रसिद्ध केले तेव्हा मी होस्टेलवर होतो. ताईनं मला लिंक पाठवली होती. मी उघडली नव्हती.

पुढचं साल आलं तेव्हा पाऊस नीट नव्हता. त्याच्या पुढच्या साली माझी फी वाढली. ताई तालुक्याच्या गावी एका क्लासमध्ये विज्ञान शिकवायला लागली आणि पगारातून दर महिन्याला मला दीड हजार पाठवायची. त्यातल्या तीन महिन्यांच्या पैशांत मी गेम खेळायचे हेडफोन घेतले. लग्नाच्या वेळी तिनं फोन करून विचारलं होतं, साक्षीदार म्हणून येशील का. मी म्हटलं, परीक्षा आहे. परीक्षा चार दिवसांनी होती.

यात वाईट कोण, हे मी शोधायला गेलो आणि कुणी सापडलं नाही. बाबांनी जमीन विकली ती माझ्यासाठी, पण चैनीसाठी नाही. आईनं पुढच्या साली म्हटलं तेव्हा तिला तसंच वाटत असणार. मी सतरा वर्षांचा होतो. एकेक थर पातळच होता. पण सगळे एकाच जागी पडत गेले, आणि ती जागा मी होतो. ज्याच्यावर उभं आहोत ते ओझं किती मोठं आहे, हे त्याच्यावर उभं राहून दिसत नाही. जमीन फक्त थोडी कललेली वाटते, आपल्या सोयीच्या बाजूला.

पुढच्या रविवारी मी पुन्हा फोन केला. तयारी करून केला होता, तरी वाक्यं आली ती तुटक. म्हटलं, ताई, ते लग्नामुळं नव्हतं ना. ते आधीचं होतं. माझ्या ॲडमिशनचं.

ती म्हणाली, “हे तुला आता कळलं काय?”

मला काही बोलता येईना. ती रागावलेली नव्हती. थकलेली होती, रविवारी संध्याकाळी वह्या तपासून थकतात तशी. नाशिकला एका शाळेत ती सहावी ते आठवीला भूगोल शिकवते. मग म्हणाली, “हे पाह, थार्सिस काही मुद्दाम नाही बसलं तिथं. पण बसलं होतं. एवढं कुणीतरी म्हणायला पाहिजे होतं, बस.”

मी म्हटलं, मी म्हणतो. बाबांनाही सांगतो.

बाबांना मी त्याच रात्री फोन केला. २०१५चं सगळं बोललो, सलग बोललो. बाबांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, “पाऊस हाय का तिकडं?” मी म्हटलं, आहे. ते म्हणाले, इकडं सोयाबीन पिवळं पडून राह्यलं. फोन आईकडं दिला. ती भेग माझ्या एका फोननं भरून येईल अशी माझी समजूत होती की काय, माहीत नाही. बाबा अजून ताईशी बोललेले नाहीत.

ताईनं मात्र त्या आठवड्यात मेसेज केला: फाइल किती मोठी आहे? माझ्या लॅपटॉपवर उघडेल का? तिचा लॅपटॉप शाळेनं दिलेला, चार जीबी रॅमचा. दोन जीबीच्या फाइलनं तो आडवा झाला असता. मी थार्सिसपासून दरीच्या पूर्व टोकापर्यंतचा तुकडा कापला, रेझोल्यूशन कमी केलं, उंची ताणायची सेटिंग एकवर आणली, म्हणजे जसं आहे तसंच, आणि पाठवून दिला. तिला तो सातवीच्या वर्गात दाखवायचा होता.

दोन दिवसांनी उत्तर आलं. छान झालाय वगैरे काही नाही.

“तळाचा निळा रंग काढ. पोरांना पाणी वाटतं.”

मी काढला. तिथं आता तपकिरी आहे.